वांग्याच्या गावातली आमची परसबाग



लग्न होऊन मी मांजरीत आले तेव्हा माझ्या मावशीनं चेष्टा केली होती, "वांग्याच्या गावात वांगं न खाणारी सून चालली!" तेव्हा मला त्यातली गंमत कळली नव्हती. मांजरी म्हटलं की शेतीतल्या माणसांना आधी वांगं आठवतं, हे इथं आल्यावर समजलं. गोल, चांगलं मोठं, जांभळट गुलाबी रंगाचं आणि अंगावर पांढरे पट्टे असलेलं हे वांगं. इथल्या स्थानिक वाणातूनच राहुरीच्या कृषी विद्यापीठानं 'मांजरी गोटा' हे वाण पुढं आणलं. बियाण्याच्या पुडीवर आपल्या गावाचं नाव छापलेलं असावं, असं भाग्य किती गावांना लाभतं? आणि आपल्या घरात तर बावीस अभक्ष्यांच्या यादीत वांगं नावानिशी आहे.

आमच्या शेजारी एक मळा आहे. पूर्वी बराच मोठा होता, आता दीड-दोन एकर उरलाय. त्या मळ्यातल्या काकू पहिल्याच हिवाळ्यात पदराखाली चार वांगी घेऊन आमच्या दारात आल्या. मी अवघडून म्हटलं, "काकू, आमच्यात वांगं चालत नाही हो." त्या हसल्या. "आगं बाई, इसरलेच की. थांब." तशाच मागं गेल्या आणि चाकवताची जुडी घेऊन आल्या. मुळाला मातीसकट चार रोपंही होती. म्हणाल्या, "ही लाव मागं. बी पडलं की आपोआप येतंय दरसाल."

आमची परसबाग त्या चार रोपांपासून सुरू झाली. आज घरामागच्या साधारण दहा बाय पंधरा फुटांच्या जागेत दुधी, दोडका, गिलकी, कारली, तोंडली, भेंडी, गवार, मिरची, टोमॅटो, मेथी, पालक, चाकवत असं काही ना काही बारा महिने असतं. मोरीच्या पाण्याकडेला अळू आहे. त्याची पानं आम्ही घेतो, कंद घेत नाही. कुंपणाला शेवगा आणि कढीपत्ता. कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर, बीट, रताळी अर्थातच नाहीत. आणि वांगं नाही.

पण बाग सुरू करताना घरात खरा प्रश्न वेगळाच निघाला होता. सासूबाई म्हणाल्या, "माती उकरायची म्हणजे किती जीव मरणार! आपण कधी हे केलं नाही. पाच रुपयांची मेथी बाजारात मिळते." मला उत्तर देता आलं नाही. प्रतिक्रमणात आपण पंधरा कर्मादानांची नावं घेतो. त्यातलं 'फोडी' कर्म म्हणजे जमीन फोडण्याचा धंदा. मग मी चातुर्मासात स्थानकात आलेल्या एका साध्वीजींना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाजारातली मेथी हवेत उगवते का? तीही कुणीतरी उकरलेल्या मातीतूनच येते. तिथं जयणा राहते की नाही हे तुम्हाला दिसत नाही, इथं दिसेल. धंदा करू नका, हाव करू नका, आणि डोळे उघडे ठेवा."

त्या उत्तरानंतर मला वाटायला लागलं की आपण जैन बायका आणि माती, यांचा इतिहास एकदा नीट बघावा. "आपण कधी हे केलं नाही" हे कितपत खरं?

अगदी सुरुवातीला जाऊ. आपले पहिले तीर्थंकर ऋषभदेव. कल्पवृक्षांचा काळ सरला, लोक भुकेनं घाबरले, तेव्हा त्यांनी लोकांना असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं शिकवली, असं आपण लहानपणी पाठशाळेत शिकलो. त्यातली कृषि म्हणजे शेतीच. पुढं दीक्षेनंतर वर्षभराच्या उपवासाचं त्यांचं पारणं झालं तेही उसाच्या रसानं. अक्षय्य तृतीयेला आपण ते स्मरतो. माझ्या घरापासून जवळच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. वर्षीतपाच्या पारण्याच्या दिवशी तिथल्या उसाच्या प्लॉटवरून जाताना मला दरवेळी हे आठवतं.

मग आनंद श्रावक. 'उपासकदशांग' या आगमात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांच्या कथा आहेत आणि पहिली कथा वाणिज्यग्रामच्या आनंद गाथापतीची. बारा कोटी सुवर्णमुद्रांचा धनी. चाळीस हजार गाईगुरं. आणि मैत्रिणींनो, व्रत घेताना त्यानं शेतीचीही मर्यादा केली ती पाचशे नांगरांची! म्हणजे पहिला आदर्श श्रावक हा शेती असलेला माणूस होता. त्यानं शेती ठेवली, पण तिला कुंपण घातलं.

त्याहून मला आवडतं ते पुढचं. उपभोगाची मर्यादा करताना त्यानं दात घासायची काडी कुठली, फळ कुठलं, तूप कुठलं हे एकेक ठरवलं, तसंच भाज्या कुठल्या हेही ठरवलं. मोजून दोन-चार. त्यातली पहिली 'वत्थु'. हिंदीत बथुआ म्हणतात ती, म्हणजे आपला चाकवत. हे मी पहिल्यांदा प्रवचनात ऐकलं तेव्हा चमकलेच. काकूंनी मातीसकट आणून दिलेली ती चार रोपं! अडीच हजार वर्षांपूर्वी एका धनाढ्य श्रावकानं जगातल्या सगळ्या भाज्यांमधून राखून ठेवलेली भाजी माझ्या मोरीमागं आपोआप उगवत होती. त्याच्या यादीत मिरची नाही, टोमॅटो नाही, हे सांगायला नको. त्या दोन्ही पोर्तुगीज आल्यानंतर समुद्रापलीकडून आपल्याकडं पोचल्या.

आता आपल्या घराण्यांकडं येते. महाराष्ट्रातल्या सगळ्या जैनांचा इतिहास एक नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडचे आपले दिगंबर बांधव पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी आहेत, स्वतः नांगर धरणारे. कुंभोजला १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील त्यांच्यातलेच. रयत शिक्षण संस्था १९१९ साली सुरू झाली. त्या काळात त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचा गावोगाव प्रचार केला होता.

आमच्यासारखी ओसवाल कुटुंबं मात्र मारवाडातून आली. तिथं पाऊस कमी, हिरवी भाजी दुर्मीळ. म्हणून आपल्या पणज्या केर, सांगरी, कुमटिया, वाळवलेल्या काचऱ्या घेऊन आल्या. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं वर्ज्य असतं तेव्हा पापडाची भाजी, गट्टे, मंगोडी करायची ही पद्धत त्या कोरड्या मुलखातूनच आपल्या अंगवळणी पडली असावी. धर्माचा नियम आणि वाळवंटाची सवय दोन्ही एकाच बरणीत मुरलेली. आपल्या स्वयंपाकघरात मातीशी संबंध असा वाळलेल्या भाजीपुरता उरला.

पण पुरुषांचा जमिनीशी संबंध होता, कागदावरचा. हे लिहिताना थोडं जड जातं, पण लिहायला हवं. माझ्या माहेरी एका ट्रंकेत पणजोबांच्या लाल कापडाच्या चोपड्या आहेत. लिपी मला वाचता येत नाही. एका काकांनी वाचून दाखवलं: अमुक मळा, अमुक विहिरीचा चौथा हिस्सा, बैलजोडी, इतकं मुद्दल, इतकं व्याज. पानापानावर जमिनी होत्या. त्या जमिनीत काय पिकत होतं, याचा एक शब्द नव्हता.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस बंद झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपलं, भाव कोसळले, सरकारनं सारा वाढवला आणि कर्ज मात्र तसंच राहिलं. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात, आताच्या बारामती तालुक्यात, लोकांनी मारवाडी आणि गुजर सावकारांच्या दुकानांवर धाव घेतली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. ते त्यांनी रस्त्यावर आणून जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी हेच झालं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. त्यात माणसांना मारहाण कमी आणि कागदांची होळी जास्त झाली. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला.

त्या मारवाडी सावकारांत आपले जैन लोकही होते. सगळे क्रूर होते असं मी म्हणत नाही. दुष्काळात धान्य देणारेही होते, आणि साऱ्याचा हप्ता भरायला रोकड सावकाराशिवाय कुणाकडून मिळत नव्हती. पण शाळेच्या पुस्तकात हा धडा वाचताना मी मान खाली घातली होती, हे आठवतं. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणाऱ्या घरात शेतकऱ्याच्या विहिरीचा चौथा हिस्सा चोपडीत मांडताना जयणा कुठं होती?

याच काळात मांजरी बदलत होती. इथं मुळा-मुठेचं पाणी आणि काळी माती पहिल्यापासून होती. त्यात खडकवासल्याचं धरण झालं. इंग्रज इंजिनिअर फाइफ यांच्या आराखड्यानुसार ते काम १८६० च्या दशकाच्या शेवटी सुरू होऊन पुढच्या दशकात पुरं झालं, आणि मुठेच्या उजव्या कालव्यातून पुण्याच्या पूर्वेकडच्या गावांना पाणी मिळू लागलं. रेल्वे तर १८५८ सालीच पुण्यापर्यंत पोचली होती. पाणी, माती, रस्ता आणि जवळच लष्कराची छावणी नि मोठं शहर. भाजीपाल्याला आणखी काय लागतं?

आणि याच मांजरीत महात्मा जोतीराव फुल्यांची शेती होती! मी इथं कितीतरी वर्षं राहून मला हे ठाऊक नव्हतं. फुलांचा आणि भाजीपाल्याचा धंदा करणाऱ्या माळी घरातला हा माणूस. शाळा काढल्या, सत्यशोधक समाज काढला, कंत्राटदारी केली आणि शेतीही केली. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं. त्यात ते भटांवर, सरकारी कामगारांवर टीका करतात, तशीच गुजर-मारवाडी सावकारांवरही करतात. कालव्याचं पाणी प्रत्येक शेताला मोजून, हमीनं मिळत नाही, हेही त्यांनी त्यात मांडलं. मी ते पुस्तक गेल्या वर्षी वाचलं. आपल्या लोकांविषयी लिहिलेलं वाचताना दोनदा मिटून ठेवलं, आणि दोन्ही वेळा परत उघडलं. हा माणूस ऐकीव बोलत नव्हता. माझ्या बागेपासून जवळच कुठंतरी त्याच्या पाटातून पाणी वाहत होतं.

पुढं सरकारनं मांजरीत प्रायोगिक शेत काढलं. उसावर आणि पाण्यावर तिथं प्रयोग झाले. 'मांजरी फार्म' हे नाव अजून पत्त्यात टिकून आहे. १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं आणि 'मांजरी नवीन', 'मांजरी मेडिका' अशी द्राक्षांची वाणं निघाली. वांगं, द्राक्ष, ऊस या सगळ्यांना गावाचं नाव किंवा गावाची माती मिळाली. करोनाच्या वेळी तर मांजरीतल्या लसीमुळं गावाचं नाव जगभर गेलं. मग ३० जून २०२१ ला मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं. आता मळ्यांच्या जागी टॉवर उभे राहतात. तरी मांजरीच्या उपबाजारात शेतकरी अजून आपला माल स्वतः घेऊन येतात. तिथं कोथिंबिरीच्या ढिगाजवळून नुसतं चाललं तरी मन ताजं होतं.

एकदा दुपारी काकूंबरोबर शेंगा निवडत बसले होते. मळा कसा कमी झाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "निम्मा तर माझ्या सासऱ्यांच्या बापानंच घालवला. गहाण होता, सुटलाच न्हाई." जरा थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुमच्यापैकीच होता कुणी. लांबचा, तुमच्या घरचा न्हवं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला जास्त लागलं. मी शेंगा निवडत राहिले. काय बोलणार?

त्या संवत्सरीला मी नेहमीप्रमाणं सगळ्यांना खमावलं. फोनवर, निरोपानं, नातलगांना, मैत्रिणींना. चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींनाही आपण खमावतो. मग वाटलं, कुंपणापलीकडच्या एका माणसाला राहून जातंय. काकूंकडं गेले, हात जोडून म्हटलं, "मिच्छामि दुक्कडम्. आमच्याकडून, आमच्या लोकांकडून जे काही झालं असेल त्याबद्दल." त्या गोंधळल्या. "अगं, तू काय केलंयस? बस, चहा टाकते." सूर्य मावळायच्या आत चहा पिऊन मी घरी आले.

माझ्या चहानं आणि हात जोडण्यानं कुणाची जमीन परत येत नाही, हे मला कळतं. पण आपल्या समाजातही शेतकऱ्याशी नवं नातं जोडणारी माणसं झाली. जळगावचे भवरलाल जैन, जन्म १९३७, शेतकऱ्याला लागणाऱ्या वस्तूंच्या व्यापारातून ठिबक सिंचनाकडं वळले आणि थेंब थेंब पाणी मोजून देणं हाच त्यांचा उद्योग झाला. ते मोठ्या माणसांचं झालं. माझ्यासारख्या बाईच्या हातात दहा बाय पंधरा फुटांची बाग आहे. भाजी उगवायला किती दिवस लागतात, एक गारपीट काय करते, कीड पडली की पोटात कसं गलबलतं, हे मला तिनं शिकवलं. आता बाजारात मी मेथीच्या जुडीचा भाव पाडून मागत नाही. जिभेवर येतच नाही.

तुमच्यापैकी कुणाला बाग करायची असेल तर आमच्याकडचे नियम सांगते. खोल खणायचं नाही. वरची माती हातानं मोकळी करायची, वर पालापाचोळा पसरायचा. तो माती ओली ठेवतो आणि पुन्हा उकरावं लागत नाही. आळ्यात गांडूळ दिसलं तर तिथं हात थांबवायचा. फवारणी नाही. अळी दिसली तर ते पान तोडून कुंपणाच्या एरंडावर ठेवते. काही पिकं जातात, जाऊ द्यायची. मेथी, पालक उपटत नाही, खुडते, म्हणजे रोप जगतं आणि पुन्हा फुटतं. पाणी सकाळी, गाळून, तांब्यानं बुंध्याशी. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बागेलाच. सूर्यास्तानंतर बागेत पाऊल नाही. रोज सकाळी चौदा नियम धारताना मी एकदा मागच्या दारात जाऊन बघते, काय तयार आहे. तेवढीच मर्यादा ठेवायची. यादी आपोआप लहान होते.

आणि बागेचा खरा आनंद मला पर्युषणात मिळतो. पावसाळ्यात पालेभाजी आपण खातच नाही. पण दोडका, गिलकी, दुधी नेमके त्याच दिवसांत लगडतात, आणि ते आठ दिवस आमच्या घरी हिरवं बंद. मग रोजची टोपली काकूंकडं जाते. पहिल्या वर्षी त्या म्हणाल्या, "एवढी कष्टानं लावली आणि ऐन भराला खाईना झालात?" आता त्याच विचारतात, "ताई, यंदा तुमचं पजूसण कधी लागतंय? मग मी दोडका इकत आणत न्हाई."

दिवाळीनंतर त्यांच्याकडून चाकवत, पर्युषणात आमच्याकडून दोडका. दोन्ही घरांत याची चोपडी कुणी ठेवत नाही.

सासूबाई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. उकरण्याला त्यांचा अजून विरोध आहे. पण कार्तिकी पौर्णिमेनंतर चातुर्मास संपला की पहिला चाकवत त्याच निवडायला घेतात. ताकात शिजवतात, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी, थोडं बेसन. लसणाशिवाय चाकवत काय लागणार, असं म्हणणाऱ्या काकूंनी परवा दुसऱ्यांदा वाढून घेतला.

तुमच्या अंगणात, गॅलरीत, गच्चीवर काय लावलंय ते मला जरूर कळवा. आणि मांजरीकडं आलात तर चाकवताचं बी घेऊन जा. भरपूर पडलंय.